गोष्टीतलं वेड: कथा, नाटक, सिनेमातल्या मनोविकारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही. घरात एक शुभार्थी आहे आणि मला गोष्टींचं वेड आहे, एवढीच माझी पात्रता. ‘शुभार्थी’ हा शब्द नवा वाटला असेल तर सांगते: पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. शब्द जरा देवघरातले वाटतात खरे, पण ‘पेशंट’ आणि ‘केअरटेकर’पेक्षा मला ते बरे वाटतात. खालचे प्रश्न गटात, फोनवर आणि लग्नाच्या पंगतीत मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत.

‘वेडा’ हा शब्द लिहायचाच नाही का?

मराठीतून तो काढून टाकणं अशक्य आहे, आणि काढूही नये. वारकऱ्याला पंढरीचं वेड असतं, पोराला क्रिकेटचं. आई लेकराला ‘वेडं गं माझं’ म्हणते तेव्हा त्यात लाडाशिवाय काही नसतं. भक्ती, प्रेम, छंद आणि आजार हे सगळं आपण एकाच शब्दाच्या पोटात घातलंय. गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रेमात ‘वेडा’ झालेला नायक आणि रात्र रात्र न झोपता भिंतीशी बोलणारा शेजारचा मुलगा यांच्यात फरक आहे हे शब्द सांगत नाही, लेखकाला सांगावं लागतं. आणि पुष्कळ लेखक ते सांगत नाहीत.

राज्यातली चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. त्या त्या भागात गावाचं नावच टोमणा झालंय. ‘ह्याला ठाण्याला पाठवा.’ ‘येरवड्याचं तिकीट काढ.’ (पुण्यात तर येरवडा म्हटलं की तुरुंग की दुसरं, हेही विचारावं लागतं. दोन्ही एकाच उपनगरात असणं हा काही निव्वळ विनोद नाही.) माझा साधा नियम असा: पात्राच्या तोंडी ‘वेडा’ येऊ दे, कारण माणसं तसंच बोलतात. निवेदकाच्या तोंडी आला तर थांबून विचार करा.

मराठीत हा विषय नवीन आहे ना? आधी असलं कुणी लिहीत नव्हतं.

असं कसं? आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं ते एकोणिसाव्या शतकात, आणि नाव काय दिलं? ‘विकारविलसित’. राजपुत्राचं नाव नाही, सूड नाही, भूत नाही. मनातल्या विकारांचा खेळ. नाटकाचं मर्म त्यांनी शीर्षकातच पकडलं होतं.

मग गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर, गंधर्व मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. सुधाकर हुशार वकील. सनद काही काळासाठी रद्द होते, अपमान जिव्हारी लागतो आणि त्या सलातून पहिला प्याला हातात येतो. व्यसनाची सुरुवात अशी मनाच्या जखमेतून दाखवणं हे त्या काळात फार पुढचं होतं. पण नाटकाची चौकट मात्र अधःपाताची: एक प्याला, मग घसरण, मग सर्वनाश. बरं होण्याची वाट त्या नाटकात नाहीच. १९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी पु. लं.च्या देणगीतून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा व्यसन हा आजार आहे आणि त्यातून माणूस बाहेर येऊ शकतो हे मराठी घरांना हळूहळू पटायला लागलं. मधे सदुसष्ट वर्षं गेली. आणि सिंधू? सोसत राहणारी, दळण दळून संसार चालवणारी, नवऱ्याविरुद्ध चकार शब्द न काढणारी. व्यसनी नवऱ्याच्या बायकांच्या गटात आज जे शिकवतात ते सिंधूच्या नेमकं उलट असतं: त्याच्या पिण्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका, त्याच्या चुकांवर पांघरूण घालू नका. तरी प्रेक्षागृहात सिंधूसाठीच हुंदके येतात. मलाही आले होते.

मराठीतलं चित्रण हिंदी-इंग्रजीपेक्षा वेगळं आहे का?

माझ्या मते हो, आणि या सगळ्या पानात मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही. हॉलिवूडनं मनोविकार पाहिला तो बहुतेक इस्पितळातून किंवा पोलिसाच्या नजरेतून. मराठीनं पाहिला तो घरातून. माजघरातून म्हणा.

जयवंत दळवी घ्या. वेड आणि वासना हे दोन विषय त्यांना आयुष्यभर सोडवेनात. ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून त्यांनी ‘बॅरिस्टर’ हे नाटक लिहिलं. विजया मेहतांनी ते बसवलं, विक्रम गोखले त्यात बॅरिस्टर झाले, आणि पुढे १९८६ साली मेहतांनीच त्यावर ‘रावसाहेब’ हा हिंदी सिनेमा केला. विलायतेत शिकून आलेला, सुधारकी विचारांचा माणूस. पण घराण्यात वेड आहे, आणि ते आपल्यापर्यंत येणार ही भीती त्याच्या डोक्यावर कायम टांगलेली. त्याच वाड्यात विधवांचे हाल चालू आहेत. कोण शहाणं आणि कोण वेडं, हा प्रश्न दळवी वाड्यालाच विचारतात. नाटकात डॉक्टर कुठला आजार म्हणतो याला काही महत्त्व नाही. महत्त्व आहे ते एका माणसाच्या आजाराभोवती बाकीच्यांची आयुष्यं कशी वाकतात याला.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे तीन सिनेमे याच वाटेवरचे. ‘देवराई’ (२००४) मध्ये स्किझोफ्रेनिया असलेला शेष आणि त्याला शहरात आपल्या घरी आणणारी बहीण. ‘अस्तु’ मध्ये विस्मरणात हरवत जाणारे संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री, हत्तीच्या मागे चालत निघून गेलेले, आणि त्यांना शोधणारी मुलगी. ‘कासव’ मध्ये जगणं नकोसं झालेला एक तरुण, आणि त्याला ‘का? कशामुळे?’ असं न विचारता घरात ठेवून घेणारी, स्वतःच्या घुसमटीतून सावरत असलेली जानकी. तिन्हीत कॅमेरा शुभंकराला सोडत नाही. ‘अस्तु’तली मला सर्वांत जवळची माणसं तर घरची नव्हेतच, माहुताची बायको चन्नम्मा त्या परक्या म्हाताऱ्याला आपल्या लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाषला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कासव’ला तर सुवर्णकमळ.

एक गंमत: ‘देवराई’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संवर्धनावरचा उत्कृष्ट चित्रपट म्हणून. शेषच्या डोक्यात देवराई सतत आहे, त्यामुळे ते चूक नाही. पण देवराईसाठी विभाग होता आणि शेषसाठी नव्हता, हे मनात राहून गेलं.

या घरगुती नजरेत एक उणीवही आहे. आपण रुग्णाकडे प्रेमानं पाहिलं, पण रुग्णाला ‘मी’ म्हणून बोलू दिलं ते फार थोडं. शुभंकराचे अश्रू आपल्याला तोंडपाठ आहेत. शुभार्थीला शुभंकराचा कधी कंटाळा येतो, रोज ‘गोळी घेतलीस का?’ ऐकून तो किती चिडतो, हे अजून कुणीतरी लिहायचंय.

‘बॅरिस्टर’ पाहून भीती वाटते. आमच्या घरात काकांना आजार होता. हे रक्तातूनच येतं का?

स्थळ बघताना मला हमखास येणारा प्रश्न, बहुधा मुलीच्या आईकडून आणि हळू आवाजात. आनुवंशिकतेनं धोका वाढतो हे खरं आहे. पण नाटकात असते तशी ती न चुकणारी नियती नसते. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहा टक्के धरतात. म्हणजे दहातल्या नऊ मुलांना होत नाही. काकांचं नातं तर त्याहून लांबचं. नाटकाला ते नऊ उपयोगाचे नसतात, त्यांच्यावर तिसरा अंक उभा राहत नाही.

स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं ना?

नाही. ही चूक इतकी रुजलीय की चांगले शिकलेले संपादकही ‘सरकारची स्किझोफ्रेनिक भूमिका’ असं लिहितात. १९०८ साली स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी हा शब्द घडवला. मूळ ग्रीक अर्थ ‘दुभंगलेलं मन’. त्यांना म्हणायचं होतं की विचार, भावना आणि वागणं यांची सांगड सुटते. आपण मराठीत ‘छिन्नमनस्कता’ केलं आणि शब्दातला सुरा अजून धारदार झाला. एका शरीरात दोन व्यक्ती हा निराळा आणि दुर्मिळ आजार आहे. सिनेमावाल्यांना मात्र तोच आवडतो, कारण एका नटाला दोन भूमिका मिळतात.

स्किझोफ्रेनिया तसा दुर्मिळ नाही. जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला तो असतो. मोठ्या सोसायटीत एखादं घर निघेलच.

सिनेमात रुग्णाला माणसं दिसतात. खरंच दिसतात का?

काहींना दिसतातही, पण स्किझोफ्रेनियात दिसण्यापेक्षा ऐकू येणं कितीतरी जास्त असतं. कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय, शिव्या देतंय, हुकूम सोडतंय. पडद्याला आवाजानं भागत नाही, त्याला चेहरा लागतो. गणितज्ञ जॉन नॅशवरचा ‘अ ब्यूटिफुल माइंड’ हा २००१ चा गाजलेला सिनेमा आठवा. त्यातला रूममेट, ती छोटी मुलगी, सगळे पडद्यासाठी घडवलेले. खऱ्या नॅशना आवाज ऐकू येत. शिवाय सिनेमातला नॅश शेवटी नवी औषधं घेत असल्याचं सांगतो, खऱ्या नॅशनी १९७० नंतर औषधं घेतली नव्हती. हा बदल का केला असेल ते समजतं: प्रेक्षकांतल्या कुणी पाहून गोळ्या सोडू नयेत. मला ही लबाडी मान्य आहे. दुसऱ्या एखाद्याला नसेल.

आवाजांच्या बाबतीत पुस्तक सिनेमाच्या पुढे आहे. वाक्यच मधे तोडता येतं, दुसऱ्याचं वाक्य त्यात घुसवता येतं.

मग मर्ढेकरांचं ‘रात्रीचा दिवस’ किंवा नेमाड्यांचं ‘कोसला’ हे मनोविकाराचं साहित्य म्हणायचं का? पांडुरंग सांगवीकरला डिप्रेशन होतं का?

नाही आणि नाही. मर्ढेकरांनी संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला. मनात विचार कसे वाहतात ते पकडायला गेले. ते कुणाच्याही मनाचं चित्र आहे, आजारी मनाचं असलंच पाहिजे असं नाही.

पांडुरंगाचं म्हणाल, तर कॉलेजातल्या पोरांनी त्याला डिप्रेशनचं लेबल लावायला सुरुवात केलीय खरी. मला ते पटत नाही. धाकटी बहीण मनी देवीनं जाते आणि त्यानंतरची पानं मराठीतल्या दुःखाच्या सर्वांत खऱ्या पानांपैकी आहेत. ते दुःख आहे. दुःखाला आजार म्हटलं की समाजाची सुटका होते: घर, गाव, विद्यापीठ, सगळे निर्दोष आणि पोरगाच बिघडलेला. लक्षणांची यादी घेऊन कादंबरी वाचायला बसलं तर उदाहरणार्थ काहीच हाती लागत नाही वगैरे.

अंगात येणं, भूतबाधा, करणी दाखवणाऱ्या गोष्टींवर बंदी असावी का?

नसावी. भयकथा आणि गूढकथा ही मराठीची जुनी हौस आहे. मतकऱ्यांच्या कितीतरी कथांची मजा यातच आहे की शेवटपर्यंत कळत नाही, हे बाहेरचं आहे की सांगणाऱ्याच्या मनातलं. ती शंका हातची घालवून कशाला बसायचं?

फरक उपायापाशी पडतो. गोष्टीत मांत्रिकानं मिरचीची धुरी दिली आणि मुलगी बरी झाली, असं दाखवणं मला गुन्ह्याच्या जवळचं वाटतं. खऱ्या आयुष्यात तो गुन्हा आहेच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, धुरी देणं हे अगदी नावानिशी आलंय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर तो कायदा आला, हे विसरण्यासारखं नाही.

मल्याळममधला १९९३ चा ‘मणिचित्रताळ’, ज्याचा २००७ साली हिंदीत ‘भूल भुलैया’ झाला, त्यानं दोन्हीकडे पाय ठेवले: विधी मांत्रिकाचा, डोकं मनोविकारतज्ज्ञाचं. वैद्यकीय दृष्ट्या ते निव्वळ स्वप्नरंजन आहे. पण आमच्या मावशीला ‘हे डॉक्टरांचं काम आहे’ हे पहिल्यांदा त्या सिनेमानं पटवलं, माझ्या दहा वर्षांच्या भाषणांनी नाही.

शॉक ट्रीटमेंट खरंच इतकी भयानक असते?

पडद्यावर असते. हातपाय बांधलेला माणूस, तोंडात बोळा, किंकाळी, आणि बाजूला हसणारा कंपाउंडर. १९३८ साली रोममध्ये ही पद्धत सुरू झाली तेव्हा भूल देत नसत, आणि ती बरीच वर्षं तशीच राहिली, म्हणून ते दृश्य अगदी हवेतलं नाही. आज मात्र आपल्याकडे ते बेकायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी (म्हणजे हीच शॉक ट्रीटमेंट) करायला बंदी घातलीय. रुग्णाला साखळीनं बांधायलाही. तीव्र नैराश्यात, माणूस खाणंपिणं सोडून बसला असेल तेव्हा, ही पद्धत आजही वापरतात आणि तिचा गुण येतो. काही काळ विसरायला होतं, तेही खरं.

तुमची गोष्ट १९५० सालची असेल तर किंकाळी लिहा. आजची असेल तर लिहू नका.

मनोरुग्ण खुनी का दाखवतात?

सोपं पडतं म्हणून. खुनाला कारण द्यायला नको, ‘सायको होता’ म्हटलं की काम झालं. प्रत्यक्षात गंभीर आजार असलेली माणसं मारण्यापेक्षा मार खाण्याचीच शक्यता जास्त. आठवून पाहा, गावातल्या तशा माणसाला दगड कोण मारायचं?

आत्महत्येची गोष्ट लिहायचीच नाही का?

लिहायची, पण जपून. १७७४ साली जर्मन लेखक गटेची, आत्महत्या करणाऱ्या वेर्थरवरची कादंबरी आली आणि तिच्या अनुकरणाची इतकी चर्चा झाली की दोनशे वर्षांनी, १९७४ मध्ये, या अनुकरणालाच ‘वेर्थर परिणाम’ असं नाव मिळालं. उलटही होतं. संकटातून बाहेर आलेल्या माणसाची गोष्ट वाचून लोक सावरतात. त्याला मोत्सार्टच्या ऑपेरातल्या एका पात्रावरून ‘पापागेनो परिणाम’ म्हणतात.

म्हणून साधन, पद्धत, जागा यांचे बारकावे नकोत. चिठ्ठी वाचून दाखवणं नको. ‘शेवटी तो सुटला’ हे वाक्य तर नकोच नको. एकच कारणही देऊ नका. परीक्षेत नापास झाला म्हणून गेला, असं एका ओळीत कुणी जात नाही. ‘कासव’ या बाबतीत मला आदर्श वाटतो. काय झालं यापेक्षा त्यानंतर कुणी भात वाढला, कुणी शेजारी नुसतं बसून राहिलं, याला तो वेळ देतो.

आणि मालिकांच्या लेखकांना विनंती: वाचलेल्या माणसाच्या खाटेशी हवालदार उभा करून ‘गुन्हा दाखल होईल’ म्हणायला लावू नका. २०१७ च्या कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही.

हे वाचता वाचता तुमच्याच मनात असं काही येत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

मतिमंद मूल असलेल्या घराची गोष्ट यातच मोडते का?

नाही. बौद्धिक अक्षमता हा मनोविकार नव्हे, कायद्याच्या व्याख्येतही ती वेगळी काढलीय. दळवींचं ‘नातीगोती’ त्यावरचं आहे. ‘आमच्यामागे याचं कोण?’ हा आईबापांचा प्रश्न मात्र दोन्ही घरांत सारखाच.

विनोद चालतो का?

कुणावर, यावर आहे. वेड्यांच्या इस्पितळातला तो ठरावीक प्रसंग, डोक्यावर पातेलं घातलेला माणूस आणि स्वतःला नेपोलियन समजणारा दुसरा, मला आता बघवत नाही. पण २००६ साली मुन्नाभाईनं ‘केमिकल लोचा’ दिला आणि आमच्या शुभार्थीनं तो उचलला. पाहुण्यांसमोर स्वतःच म्हणतो, ‘माझा जरा लोचा आहे.’ पूर्वी गोळ्यांचं पाकीट लोणच्याच्या बरणीमागे असायचं. हल्ली चहाच्या डब्याशेजारी असतं.

मी लेखक आहे. असं पात्र लिहायचंय. कुठून सुरुवात करू?

त्याच्या एका साध्या मंगळवारपासून. उठतो किती वाजता? गोळीनं तोंडाला कोरड पडते, वजन वाढतं, हात थरथरतो, म्हणून तो कप कसा धरतो? लिथियम चालू असेल तर मधून मधून रक्त तपासावं लागतं. त्या दिवशी कामावर काय सांगून येतो? नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तेवढ्यात घरचे म्हणायला लागतात, ‘काही उपयोग नाही याचा.’ सरकारी ओपीडीत केसपेपर काढायची रांग आणि आत डॉक्टरांची पाच मिनिटं यांत मला एका कादंबरीचा ऐवज दिसतो.

आणि डॉक्टर पहिल्याच प्रकरणात आणू नका. २०१५–१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं (महाराष्ट्र त्यात नव्हता). त्यात वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के माणसांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. तुमचं पात्र बहुधा त्यांतलंच असणार. डॉक्टरच्या आधी त्याच्या गोष्टीत ज्योतिषी येईल, नवस येईल, ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ म्हणणारा काका येईल.

लिहून झालं की एखाद्या शुभार्थीला वाचायला द्या. मी एकदा माझी कथा घरी वाचायला दिली. तो म्हणाला, ‘छान आहे, पण यात मी किती गंभीर आहे! मी दिवसभर एवढा विचार करतच नाही.’

घरातल्या आजारी माणसाबरोबर असा सिनेमा बघावा का?

त्याला विचारा. आजार उसळलेला असताना नको, हे डॉक्टरही सांगतील. बरं चाललं असेल आणि तो हो म्हणाला तर दुपारी बघा, रात्री नको. मधे थांबवायची मुभा ठेवा, रिमोट त्याच्याच हातात द्या. आम्ही ‘देवराई’ असाच तीन दिवसांत पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं मधेच बंद केला आणि विचारलं, ‘त्याची बहीण जेवली का?’